गुरूवाचून घराणे : रॉक-गिटारच्या शिक्षणाचा एक आढावा

विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या अखेरीस लिव्हरपूल शहरातील दोन शाळकरी मुलांच्या कानी अशी वार्ता आली की, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका मनुष्यास ‘बी सेव्हन’ नावाची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारी स्वरांची जुळणी, वाजविता येते. ‘ई’ आणि ‘ए’ या दोन कॉर्ड त्यांच्या हाती बसलेल्या होत्या. परंतु त्या पट्टीतील गाण्यांना हमखास लागणारी तिसरी कॉर्ड ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक गाणे ठराविक जागी येऊन अडत असे. तेव्हा ती दोघे बसने त्या अनोळखी माणसाच्या दारी गेली, त्याने बोटे कोठे ठेवली ते डोळ्यांत साठवून घेतले आणि ती कॉर्ड आपल्या बोटांत घेऊन घरी परतली. ही मुले म्हणजे पुढे ‘बीटल्स’ म्हणून जगविख्यात झालेल्या चौघांपैकी पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन. आणि हा प्रसंग मॅकार्टनी यांनी उत्तरायुष्यात अनेकदा मोठ्या ममतेने सांगितलेला आहे. एका कॉर्डसाठी केलेल्या या प्रवासात रॉक-गिटारच्या साऱ्या शिक्षणपद्धतीचे बीज आहे असे मला वाटते, आणि प्रस्तुत लेखात त्या पद्धतीचा आढावा घेण्याचा मानस आहे.

आपल्याकडे संगीतविद्या म्हटली की गुरू, गंडाबंधन, पहाटेचा खर्ज आणि वर्षानुवर्षे एकाच रागाची तालीम हा क्रम डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि ज्याला गुरू नाही त्याला ‘निगुरा’ म्हणून बाजूस सारण्याचा शिरस्ताही जुनाच आहे. या मापाने मोजू गेल्यास रॉक-गिटारचे बहुतेक अध्वर्यू निगुरेच ठरतील. बीटल्सपैकी एकालाही स्वरलिपी वाचता येत नव्हती. जिमी हेंड्रिक्स यांनाही येत नव्हती, आणि डावऱ्या हाताने वाजवावयाचे म्हणून ते उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा फिरवून बसवीत. असे असूनही या विद्येत ओळखू येणाऱ्या शैली आहेत, चिजांसारखी मुखोद्गत होणारी गाणी आहेत, पूर्वसूरींचे ऋण आहे. मग ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली कशी, तिच्यात लोकप्रिय गाण्यांचे स्थान कोणते, आणि शिकणाऱ्याने आपली प्रगती इतरांस वेळोवेळी ऐकवावी की साधना पुरी होईतो ती झाकून ठेवावी, हे तीन प्रश्न वरवर भिन्न दिसले तरी वस्तुतः एकच आहेत. माझे उत्तर असे की, येथे गुरूची जागा गाणे आणि सोबती यांनी मिळून चालविली आहे, आणि या दोहोंपैकी एक जरी उणा पडला तरी विद्या खुंटते.

प्रथम वाद्याच्या घडणीकडे पाहू. कारण ही पद्धत रुजण्यास ती मोठ्या प्रमाणावर कारण झाली आहे. गिटारच्या सहा तारा खर्जाकडून ई, ए, डी, जी, बी, ई अशा जुळविल्या जातात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ आंदोलने करते, तर सर्वांत बारीक तार सुमारे ३३०, म्हणजे दोन सप्तके वर. शेजारच्या दोन तारांमध्ये षड्ज-मध्यमाचे अंतर असते; केवळ जी आणि बी यांमध्ये ते षड्ज-गंधाराचे ठेवलेले आहे, ते चार बोटांना सहा तारांवर कॉर्ड बांधता यावी एवढ्यासाठी. सतारीचे पडदे सरकविता येतात, गिटारचे पडदे, म्हणजे फ्रेट, ठोकून बसविलेले असतात, आणि त्यांची मांडणी सप्तकाचे बारा समान भाग धरून केलेली असल्यामुळे एका पडद्यावरून पुढच्या पडद्यावर जाताना आंदोलनसंख्या १.०५९५ पटीने वाढते व बाराव्या पडद्याशी तार बरोबर अर्धी होते. याचा परिणाम असा की, बोटांनी बांधलेला एकच आकार दोन पडदे पुढे सरकविला तर सारे गाणे दोन पडदे चढते, आणि स्वरलिपीचे अक्षरही न जाणणारा मुलगा समोरच्याच्या बोटांकडे पाहून पाठ उचलू शकतो.

या सोयीची किंमतही आहे. समान विभागणीमुळे शुद्ध गंधार शुद्धतेपेक्षा किंचित चढा राहतो, आणि तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला तो खुपतो. १९५१ ची टेलिकास्टर, १९५२ ची लेस पॉल आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर या विद्युत्-गिटारी बाजारात आल्यानंतर वादकांनी अँप्लिफायरचा आवाज त्याच्या ताकदीपलीकडे नेऊन तो मुद्दाम फाटू देण्यास आरंभ केला. तेव्हा त्या फाटलेल्या नादात हा चढा गंधार फारच खरखरू लागला. त्यावर उपाय म्हणून त्यांनी गंधारच वगळला आणि केवळ षड्ज-पंचम ठेवले. रॉक संगीताचा कणा असलेली ‘पॉवर कॉर्ड’ ती हीच. ज्या सा-पच्या जोडीवर आपला तानपुरा उभा आहे, तिच्याच आधारावर पृथ्वीच्या दुसऱ्या भागात हे गर्जणारे संगीत उभे राहिले, ही गोष्ट मला पहिल्याने उमगली तेव्हा दोन्ही संगीतांविषयीचे माझे प्रेम वाढले.

आता इतिहास. इंग्लंडमध्ये या विद्येचा प्रसार झाला तो लॉनी डॉनेगन यांच्या ‘रॉक आयलंड लाइन’ या गाण्यामुळे. १९५६ साली ते गाजले आणि स्वस्तातली गिटार, कपडे धुण्याची पन्हळी फळी व चहाच्या खोक्यापासून बनविलेले खर्जवाद्य एवढ्या सामग्रीवर गल्लोगल्ली ‘स्किफल’ मंडळ्या निघाल्या. जॉन लेनन यांची ‘क्वारीमेन’ ही अशीच एक मंडळी. लेनन यांना आईने बँजोच्या कॉर्ड शिकविल्या होत्या व त्याच ते गिटारवर वाजवीत. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन येथील चर्चच्या जत्रेत त्यांची मॅकार्टनीशी गाठ पडली, तेव्हा या मुलाला गिटार नीट जुळविता येते हीच मोठी योग्यता ठरली. त्याच वर्षी बर्ट वीडन यांचे ‘प्ले इन अ डे’ हे शिकवणीचे पुस्तक निघाले. एका दिवसात वाजवा, हे त्याचे आश्वासन कोणाच्याही बाबतीत अक्षरशः खरे झाले नसेल. परंतु एरिक क्लॅप्टन व ब्रायन मे यांच्यासारख्यांचा श्रीगणेशा त्या पुस्तकापाशी झाला.

पुस्तकाहून मोठा शिक्षक मात्र ग्रामोफोनची तबकडी. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी डार्टफर्ड स्थानकावर कीथ रिचर्ड्स यांनी बालपणीचा ओळखीचा मिक जॅगर पाहिला, आणि त्याच्या काखेत चक बेरी व मडी वॉटर्स यांच्या तबकड्या पाहिल्यावर जे संभाषण जुळले त्यातून ‘रोलिंग स्टोन्स’ जन्मास आले. आवडत्या गाण्यांविषयीच्या गप्पा हा फावल्या वेळचा उद्योग आहे असे मानणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा. रिचर्ड्स चक बेरींना मानीत. आणि बेरींच्या ‘जॉनी बी. गुड’ (१९५८) या गाण्याचा प्रसिद्ध आरंभ लुई जॉर्डन यांच्या १९४६ मधील एका ध्वनिमुद्रणात कार्ल होगन यांनी वाजविलेल्या गिटारवरून आलेला आहे. होगन, बेरी, रिचर्ड्स ही तीन पिढ्यांची शिष्यपरंपरा होय, आणि ती मुख्यतः तबकडीच्या खाचांतून चालत आली. ३३ फेऱ्यांची तबकडी १६ फेऱ्यांवर लावली की स्वर जवळजवळ एक सप्तक उतरतो व गती निम्मी होते. शीघ्र जागा उलगडण्यासाठी त्या काळच्या विद्यार्थ्यांनी ही युक्ती किती वेळा केली असेल याची गणती नाही.

या परंपरेतील जिद्दीची दोन उदाहरणे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, सतरा वर्षांच्या टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे यंत्राने तोडली. आणि ते डावरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. खिन्न होऊन बसलेल्या या मुलाला कारखान्यातील वरिष्ठाने जँगो राइनहार्ट यांची तबकडी ऐकविली, आणि १९२८ च्या आगीत दोन बोटे निकामी होऊनही हे वादन त्यांनी केले आहे हे सांगितले. आयोमी यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चढविले, बँजोच्या हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा दीड स्वराने उतरविल्या, म्हणजे दाबण्यास जोर कमी लागावा. ‘ब्लॅक सॅबथ’चा जो गंभीर, जड नाद पुढे एका संप्रदायाचे लक्षण झाला, त्याची घडण या दुखऱ्या बोटांच्या सोयीतूनही झाली. दुसरे उदाहरण ब्रायन मे यांचे: विकत गिटार परवडत नाही म्हणून १९६३ साली पितापुत्रांनी शेकोटीच्या जुन्या चौकटीचे लाकूड, मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणि विणण्याच्या सुईचे टोक वापरून घरी गिटार घडविली, आणि ‘क्वीन’च्या बहुतेक गाण्यांत तीच वाजविली.

गाणे शिक्षक होते ते कसे, हे आता क्रमाने पाहू. कारण रॉक संगीतातील गाजलेली गाणी एकापुढे एक मांडली तर त्यांतून आपोआप एक पाठ्यक्रम तयार होतो. पहिला पाठ बहुधा ‘डीप पर्पल’च्या ‘स्मोक ऑन द वॉटर’चा. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथे फ्रँक झॅपा यांच्या कार्यक्रमात कॅसिनोला आग लागली आणि सरोवरावर धूर पसरला, त्याची ही कहाणी. तिचा आरंभीचा रिफ, म्हणजे पुनःपुन्हा येणारा स्वरसमूह, केवळ चार स्वरांचा आहे: षड्ज, कोमल गंधार आणि दोन्ही मध्यम. पहिल्या संध्याकाळी हा रिफ ओळखू येण्याइतपत वाजतो, आणि तो वाजला की नवशिक्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो मी अनेकदा पाहिला आहे. ‘सॅटिस्फॅक्शन’चा (१९६५) रिफ तर तीनच स्वरांचा. रिचर्ड्स यांनी तो अर्धवट झोपेत ध्वनिफितीवर टिपला, आणि नंतर भोंगेवाद्यांना दाखविण्यापुरता ‘फझ’ यंत्रातून वाजविला. परंतु तोच कायम राहिला. सामग्री थोडी असली तरी जागा अचूक हवी, हा धडा त्यातून मिळतो.

तालाचे धडे याहून कठीण. ‘पिंक फ्लॉइड’चे ‘मनी’ (१९७३) सात मात्रांत चालते. ज्याने रूपकात बंदिश ऐकली आहे त्याला ते परके वाटू नये, आणि गिटारच्या एकल वादनापाशी ते चार मात्रांवर येते तेव्हा अंगावरचे ओझे उतरल्यासारखे होते. ‘एसी/डीसी’च्या ‘बॅक इन ब्लॅक’मध्ये (१९८०) स्वरांइतकेच महत्त्व मधल्या रिकाम्या जागांचे आहे; त्या जागी तारेवर हात ठेवून नाद तोडणे ज्याला साधले नाही, त्याचे सर्व स्वर बरोबर असूनही गाणे लंगडते. याच्यापुढे ‘लेड झेपेलिन’चे ‘स्टेअरवे टू हेवन’ (१९७१). आठ मिनिटांच्या या गाण्यात ड्रम निम्मे गाणे सरल्यावर प्रवेश करतात; बोटांनी छेडलेल्या तारांवर खालचा सूर एकेका पडद्याने उतरत जातो, आणि विलंबितातून द्रुताकडे जाणाऱ्या ख्यालाप्रमाणे गती टप्प्याटप्प्याने वाढते. ब्रिटन-अमेरिकेत त्या काळी सुटी तबकडी न काढताही या गाण्याने जी मान्यता मिळविली, ती धीराला मिळालेली मान्यता आहे.

या पाठ्यक्रमात एक घाट आहे, आणि तो चढताना अनेक जण गिटार कायमची भिंतीला टेकवितात. तो म्हणजे ‘एफ’ची बार कॉर्ड. तर्जनी पहिल्या पडद्यावर सहाही तारांवर आडवी दाबावयाची आणि उरलेल्या तीन बोटांनी वर आकार बांधावयाचा. पहिले काही आठवडे तारांतून सुराऐवजी लाकडाचा ठोका येतो. एखादी तार तर्जनीच्या पेरांमधील खळग्यात नेमकी सापडते आणि मुकी राहते. बोटांच्या टोकांना आधी फोड येतात, मग घट्टे पडतात. दोन महिने मी रोज सायंकाळी या एका कॉर्डपाशी बसलो होतो. अंगठा मानेच्या पाठीमागे मधोमध आणावा, तर्जनी किंचित तिच्या हाडाच्या कडेवर कलवावी, आणि हाच आकार प्रथम पाचव्या पडद्यावर, जेथे तार दाबण्यास सोपी असते तेथे, बसवून मग एकेक पडदा खाली यावे, ही युक्ती मला पुस्तकात सापडली नाही. शेजारी बसून माझ्या हाताकडे पाहणाऱ्या एका मित्राने ती सांगितली. त्या दिवशी सहावी तार वाजली तेव्हा आम्ही दोघेही काही क्षण बोललो नाही.

आपल्या प्रदेशाशी या कथेचे धागे अनेक ठिकाणी जुळतात. पाश्चात्य स्वरलिपी गोव्याच्या चर्चशाळांतून शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत आले, आणि गिटारचा नाद आपल्या कानांत घराघरांतील रेडिओवरून रुजला. फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा पाचगणीच्या शाळेत ‘हेक्टिक्स’ या मंडळीत पियानो वाजवी. पुढे ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी झालेल्या या कलावंताने १९७९ साली ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे गाणे मुद्दाम गिटारवर रचले, आणि थोड्याच कॉर्ड येत असल्यामुळे ते सुटसुटीत झाले असे त्याने सांगितले. १९६८ साली हृषीकेशच्या आश्रमात गायक डोनोव्हन यांनी लेनन यांना बोटांनी तारा छेडण्याची पद्धत शिकविली, आणि ‘डिअर प्रूडन्स’ व ‘ज्युलिया’ ही गाणी त्या शिकवणीतून निघाली. कीर्तीच्या शिखरावरील माणसाने मित्रापुढे पुन्हा विद्यार्थी होऊन बसावे, याहून सुंदर चित्र मला या इतिहासात दिसत नाही. १९७२ साली ‘लेड झेपेलिन’चे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली.

खुद्द मुंबईत ‘सिम्ला बीट’ स्पर्धेने षण्मुखानंद सभागृहात तरुण मंडळ्यांना व्यासपीठ दिले. धोबीतलावच्या रंगभवनात १९८० साली ‘पोलीस’ ही मंडळी वाजवून गेली, आणि १९८६ पासून सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव तेथे अनेक वर्षे गाजला. १९८४ साली निघालेली ‘रॉक मशीन’ आधी परदेशी गाणी वाजवी. तिने १९८८ मध्ये स्वतःच्या रचना प्रसिद्ध केल्या व पुढे ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले. आज ‘अभंग रिपोस्ट’ सारखी मंडळी संतांची वाणी गिटार व ड्रमच्या साथीने गाते. दुसऱ्यांची गाणी वाजविणे ही नक्कल म्हणून हिणविण्यासारखी गोष्ट नसून स्वतःच्या गाण्याकडे नेणारी तालीम आहे, असा या वाटचालीचा निर्वाळा आहे.

साधनांविषयी थोडक्यात. सहा रेघांवर पडद्यांचे आकडे लिहिण्याची ‘टॅब’ पद्धत नवी समजली जाते. परंतु सोळाव्या शतकात ल्यूट वादक तीच वापरीत. तिचा लाभ हा की, कोणता पडदा दाबावा ते तत्काळ कळते. उणीव ही की, स्वर किती वेळ धरावा व कोणत्या जोराने छेडावा हे तिच्यात क्वचितच पुरते उमटते. कॅसेट, चित्रफीत आणि आता भ्रमणध्वनीवर गती कमी करून पाहता येणारे पाठ यांनी त्या बसच्या प्रवासाचे श्रम वाचविले आहेत. मात्र चित्रफितीतला शिक्षक आपला हात पाहू शकत नाही, ही त्याची मर्यादा कोणत्याही यंत्राने अजून पुरती भरून निघालेली नाही.

या पद्धतीवरील आक्षेपही गंभीरपणे घ्यावयास हवेत. गाण्यांमागे धावणाऱ्या विद्यार्थ्याला वीस मुखडे येतात आणि अंतरा एकाचाही येत नाही. डावा हात चपळ होतो व ताल सांभाळणारा उजवा हात कच्चा राहतो. स्वरसप्तकांचा अभ्यास टाळल्याने मूळ चाल सुटली की तो निराधार होतो. हे आक्षेप मला मान्य आहेत. म्हणूनच रोजच्या अभ्यासाचा एक भाग अलंकारांसारख्या पलट्यांना द्यावा, एक भाग केवळ तालाला, आणि निवडलेले एक तरी गाणे आरंभापासून अखेरपर्यंत, न थांबता, दुसऱ्या कोणाबरोबर वाजवावे. गाणे सोडावे असा त्यातून निष्कर्ष निघत नाही; ते पुरे करावे असा निघतो.

पुण्यात आम्ही सहा-सात जण महिन्यातील एका रविवारी एकाच्या घरी जमतो. कोणी महाविद्यालयात आहे, कोणी सेवानिवृत्त. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. त्यांनी गिटार वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हाती धरली, आणि खात्यातील सवयीप्रमाणे ते आपल्या अभ्यासाची रोजकीर्द ठेवतात: तारीख, गाणे, मेट्रोनोमची गती, अडलेली जागा. ‘ईगल्स’च्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या अखेरीस दोन गिटारींचा जो प्रसिद्ध संवाद आहे, त्याची मूळ गती मिनिटाला सुमारे ७५ ठोके, काकांच्या वहीत ती ४४ पासून सुरू होते आणि चौदा महिन्यांत ६८ पर्यंत येते. मध्ये एका महिन्यात ती ६० वरून ५२ वर उतरलेली आहे, आणि तीही नोंद त्यांनी त्याच स्वच्छ अक्षरात केली आहे.

गेल्या बैठकीत एका मुलीने ‘स्टेअरवे’चा आरंभ वाजविला आणि तिसऱ्या आवर्तनात ती अडली. “पुन्हा वाजव बघू,” काका म्हणाले, आणि ऐकून झाल्यावर म्हणाले, “अगं, तुझा खालचा सूर पुढचा येण्याआधीच तुटतोय. बोट उचलायची घाई करू नकोस.” तिने बोट क्षणभर अधिक ठेवले आणि ओळ जुळली. मग नेहमीचा वाद रंगला: ‘पिंक फ्लॉइड’च्या डेव्हिड गिलमोर यांनी ‘कम्फर्टेब्ली नम्ब’मध्ये थोड्या स्वरांना जो दीर्घ श्वास दिला तो श्रेष्ठ, की हेंड्रिक्स यांची उधळण. निकाल लागला नाही. परंतु आपले मत पटवून देण्यासाठी प्रत्येकाने तीच जागा तीनतीनदा ऐकविली, आणि त्या ऐकण्यात मला गिलमोर यांच्या तार खेचण्यातील मिंडीचे जे बारकावे दिसले, ते एकट्याने ऐकताना वीस वर्षांत दिसले नव्हते.

काकांच्या रोजकीर्दीत आणखी एक रकाना आहे, तो मी त्या दिवशी प्रथम वाचला. त्याचे शीर्षक ‘कोणास ऐकविले’. त्यात नातीचे नाव आहे, शेजाऱ्यांचे आहे, आमची आहेत. आणि ज्या महिन्यात गती ६० वरून ५२ वर घसरली, त्या महिन्यात तो रकाना सबंध कोरा आहे.